पाचव्या अध्यायातले कंट्रोलर

उजवा हात वर करून, तळवा समोरच्याच्या नाकापुढे धरून ते म्हणायचे, "थांबा. मागचं पक्कं झालं का? नाई ना? मंग पुढं काऊन जाऊन राह्यले?"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ड्रायव्हरला ऐकलं, कंडक्टरला ऐकलं, स्टँडवरच्या शेंगदाणेवाल्याला ऐकलं आणि रोज संध्याकाळी त्यांच्या बायकोला, मुलीला आणि सासूलाही ऐकलं. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर ते कंट्रोलर होते. त्यांनी हात वर केला की निघालेली गाडी जागच्या जागी थांबायची. मागचं दार नीट लागलं का, कंडक्टरची नोंद झाली का, टपावरची सायकल बांधली का, हे सगळं पक्कं झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे. त्यामुळे गाड्या उशिरा सुटत, पण एकदा सुटली की त्या गाडीत बसायला हरकत नसे. सगळं गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं. त्यांची बायकोसुद्धा दारात कुणी आलं तर "कंट्रोलर घरी नाईत" असंच सांगायची. मीही इथे तेच म्हणतो.

नव्वदच्या दशकात मी तिथल्या एका कॉलेजात कारकून म्हणून लागलो आणि त्यांच्या शेजारी भाड्यानं राहू लागलो. एकाच कौलारू घराचे दोन भाग होते. मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेलीच नव्हती. घरमालकाच्या विटा संपल्या असाव्यात किंवा उत्साह. आमच्याकडे फोडणी पडली की त्यांच्याकडे शिंका यायच्या, आणि त्यांच्याकडे उपासना सुरू झाली की आमच्याकडे रेडिओ बंद व्हायचा. तुम्हीही कधी ना कधी असं कुणाच्या शेजारी राहिला असाल. शेजारी आपल्याला किती ओळखतो हे सांगता येत नाही, पण आपण त्याला फार ओळखायला लागतो.

दिवेलागणीला कंट्रोलर स्टँडवरून घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि गणवेशाचा खाकी शर्ट तसाच ठेवून मधल्या खोलीत टेबलापाशी बसायचे. समोर शुभवर्तमान. एका बाजूला बायको शांताबाई, त्या मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. दुसऱ्या बाजूला मुलगी सुवार्ता. कोपऱ्यात बाजेवर शांताबाईंची म्हातारी आई, जी पहिल्या वचनाला झोपायची आणि बरोब्बर 'आमेन'ला जागी व्हायची. याला ते कौटुंबिक उपासना म्हणत. आमची ही त्याला हजेरी म्हणायची.

कंट्रोलरांचा नियम साधा होता. शुभवर्तमान पहिल्या पानापासून वाचायचं आणि वाचलेलं केल्याशिवाय पुढे जायचं नाही. इतर ख्रिस्ती घरांत लोक महिन्याभरात येशूला जन्मापासून पुनरुत्थानापर्यंत नेऊन आणतात, याचं त्यांना फार वाईट वाटे. "एक्स्प्रेस गाडी आहे त्यायची," ते मला सांगायचे. "एकही थांबा घेत नाई. मंग माणूस चढंल कुठी?"

आमच्या अध्यायांना मात्र सगळे थांबे होते. शांती करणाऱ्यांबद्दलचं वचन आलं तेव्हा सासू आणि शांताबाईंचा आंघोळीच्या पाण्यावरून चाललेला अबोला आधी मिटवावा लागला. त्या दोघी मिटवायला तयार होत्या, पण नेमकं काय बिनसलं होतं हेच दोघींना आठवेना. कंट्रोलरांनी ते आठवायला लावलं. आठवल्यावर खरं भांडण झालं. ते मिटेपर्यंत पुढचं वचन थांबून राहिलं. कुणाला मूर्ख म्हणू नये असं येतं त्या जागी सुवार्ता सापडली, कारण तिनं शाळेत एका मैत्रिणीला त्याहून बरंच काही म्हटलं होतं. कंट्रोलरांनी तिला सायकलच्या दांडीवर बसवलं, त्या मैत्रिणीच्या फाटकाशी नेलं आणि ती क्षमा मागेपर्यंत घंटी वाजवत उभे राहिले. मैत्रीण बाहेर आली, तिची आई आली, कुत्रं आलं. सुवार्ता रडत रडत म्हणाली ते कुणालाच ऐकू गेलं नाही, कारण घंटी चालूच होती.

पहिला अध्याय वंशावळीचा आहे. अब्राहामाचा इसहाक, इसहाकाचा याकोब, अशी ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत येते. मग बाळाचा जन्म, मग त्याला घेऊन आईबाप इजिप्तात पळतात, मग तो मोठा होतो, बाप्तिस्मा घेतो, रानात सैतान त्याची परीक्षा पाहतो, मग चौथ्या अध्यायात तो कोळ्यांना त्यांच्या जाळ्यांवरून उठवून सोबत नेतो. हे मी सांगतोय ते पुस्तक न उघडता. भिंतीवरून जेवढं आलं तेवढं पाठ झालं. आमच्या हिचीही तीच गत. एकदा भाजी लागली तेव्हा ती म्हणाली, "इजिप्तात होते ते, म्हणून मी बसले ऐकत."

पाचव्या अध्यायात डोंगरावरचा उपदेश येतो, आणि तिथे कंट्रोलरांचा आवाज चढायचा. कोण कोण धन्य, ते सांगितलं आहे. धार्मिकतेसाठी ज्यांचा छळ झाला तेही धन्य, असं तिथे येतं. या ठिकाणी ते थांबायचे, चष्मा काढायचे आणि घरच्यांना म्हणायचे, "हे आपल्याच घरासाठी आहे."

मग छळाची हकिकत. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. त्यांचं मूळ घर चामोर्शीकडच्या एका गावातलं, तलावावर मासेमारी करणारं. लहानपणी ते फार आजारी पडले, मिशनच्या दवाखान्यात वाचले, तिथल्याच बोर्डिंगात शिकले आणि पुढे ख्रिस्ती झाले. थोरला भाऊ गावातच राहिला, जाळं आणि डोंगा सांभाळत. सुवार्ता लहान असताना हे सगळे गावाच्या जत्रेला गेले होते. तलावाचं पहिलं जाळं ओढलं की पहिला मासा पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, मातेला दाखवायची तिथे रीत होती. कंट्रोलरांनी सत्य सांगितलं. भावानं त्यांना घराबाहेर काढलं. तेव्हापासून दोघे बोलत नव्हते.

"सत्यासाठी सोसलं," ते म्हणायचे. शांताबाई वातीची काजळी झटकायच्या.

यानंतर मीठ आणि दिव्याचं वचन, मग नियमशास्त्राचं, मग रागावण्याचं. आणि त्याला लागूनच ती जागा येते. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग ये, असा त्याचा आशय आहे. हे मला फार उशिरा कळलं. कारण त्या जागेच्या अलीकडे आलं की कंट्रोलरांचा हात वर जायचा.

"थांबा. वंशावळ कच्ची राह्यली."

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अब्राहाम.

सुरुवातीला मला वाटलं, त्यांच्यात असंच असतं. शेजारच्या खोलीत येशू जन्मायचा, इजिप्तात जायचा, डोंगरावर चढायचा आणि बोलायला लागला की त्याला पुन्हा गोठ्यात आणून ठेवायचे. मी एकदा स्टँडवर त्यांना विचारलंसुद्धा, "साहेब, पुढं कधी जाणार?" ते म्हणाले, "पाया कच्चा असंल त वरचा मजला कशाले, भाऊ?" आणि वडसा गाडीकडे वळले.

चर्चचे पाळक कधीमधी लुना घेऊन यायचे. कुठपर्यंत आलात, असं विचारायचे. कंट्रोलर म्हणायचे, "पाचव्यात आहो. खोलवर चालून राह्यलं." पाळक खूश व्हायचे. एका रविवारी त्यांनी चर्चमध्ये या घराचं उदाहरण दिलं, की लोक सात-सात अध्याय धावत वाचतात, पण हे कुटुंब बघा. शांताबाईंनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

एकदा कंट्रोलर फिरतीवर असताना शांताबाईंनी भिंतीपलीकडून आमच्या हिला सगळं सांगितलं. भावानं यांना घराबाहेर काढलंच नव्हतं. जत्रेत सगळं गाव जमलेलं, भाऊ मासा हातात घेऊन मातेपुढे उभा, आणि यांनी मधे जाऊन हात वर केला. "थांबा" म्हणाले, आणि मूर्तीला दाखवलेलं खाऊ नये यावर भाषण केलं. भाऊ एवढंच बोलला होता, "तू खा, नाई त नको खाऊ. पण माह्या दारात मले हात करून थांबवायचं नाई." मग यांनीच चपला घातल्या.

"भावाले यायच्या देवाचा राग नाई, बाई," शांताबाई म्हणाल्या. "हाताचा आहे."

गंमत अशी की चामोर्शीची गाडी रोज सकाळी कंट्रोलरच सोडायचे. भोंग्यावर आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी असा पुकारा करायचे, दार बघायचे, हात खाली करायचे. नोकरीमुळे प्रवासाचा पासही होता. नेमक्या त्या एका गाडीत मात्र ते कधी बसले नाहीत. चार-दोनदा मी त्यांना त्या गाडीच्या खिडकीशी उभं राहून एखाद्या प्रवाशाला गावाकडे पाऊसपाणी कसं आहे ते विचारताना पाहिलं. माणसाचं नाव घेऊन कधी विचारलं नाही. तलाव भरला का, एवढंच.

सुवार्ता मोठी झाली, डी.एड. झाली, एका शाळेत लागली. चंद्रपूरच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासणारा एक शांत मुलगा तिला सांगून आला आणि तिनं होकार दिला. घरात लग्नाची धांदल सुरू झाली. त्या संध्याकाळी कंट्रोलर फार मोकळे होते. म्हणाले, "आज नियम सोडू. मंधातला भाग सोडून लग्नाचा भाग वाचू. काना गावचं लग्न घेऊ."

मग भिंतीपलीकडून सुवार्ताचा आवाज आला. "थांबा, बाबा. मागचं पक्कं झालं का?"

आमच्याकडे हिनं स्टोव्हची हवा सोडली.

सुवार्तानं पुस्तक आपल्याकडे ओढलं असावं. तिनं पाचवा अध्याय काढला आणि ज्या जागी ते आयुष्यभर वळले होते ती जागा एका दमात वाचून काढली. अर्पण, वेदी, भाऊ, समेट, सगळं. मी ते पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

कंट्रोलर म्हणाले, "यातला भाऊ म्हंजे मंडळीतला भाऊ. विश्वासातला."

"शाळेतल्या त्या पोरीच्या घरी तुमी मले घेऊन गेले होते. ते कोणत्या मंडळीतले होते?"

"आपल्या घरी वेदी कुठी आहे?"

"हे टेबल त मंग कायले आहे?" हा आवाज शांताबाईंचा होता.

"माह्या मनात त्याच्याविषयी काईच नाई," कंट्रोलर म्हणाले. "त्याच्याच मनात आहे."

"हो ना," सुवार्ता म्हणाली. "तेच त लिहिलं आहे."

बाजेवरून म्हातारी 'आमेन' म्हणाली, पण तिचा अंदाज पहिल्यांदाच चुकला होता.

"पहिल्यापासून घेऊ," कंट्रोलर म्हणाले.

"नाई, बाबा. त्या बिचाऱ्याले अजून कितीदा जन्म घ्यायला लावता?" सुवार्ताचा आवाज चढला नव्हता, तिचा तो स्वभाव नव्हता. "मोठेबाबा आल्याशिवाय मी चर्चात उभी नाई राहत. त्यायनं मले डोंग्यात बसवून तलावभर फिरवलं आहे. मले ते लग्नात पायजे."

"तो येणार नाई."

"तुमी बलावले होते का?"

तुम्हाला वाटेल, मुलगी एवढी बोलली तर बाप दुसऱ्याच दिवशी निघाला असेल. आपले कंट्रोलर असे नव्हते. त्यांनी आधी लग्नाची पत्रिका चामोर्शीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवली. ड्रायव्हर निरोप घेऊन आला, "पत्रिका पोचली म्हणाले. पत्रिकेवाला कुठी आहे म्हणाले." मग त्यांनी पाळकांना जाता का विचारलं. पाळकांच्या लुनाला तेव्हाच काहीतरी झालं. सुवार्ता रोज शाळेतून यायची, जेवायची आणि लग्नाच्या साडीचा विषय निघाला की उठून जायची. मुलाकडच्यांचे निरोप यायला लागले. शांताबाईंच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. हे लग्न मोडणार असं मला खरोखरच वाटत होतं आणि मला त्या मुलीचा अभिमानही वाटत होता.

एका सकाळी कंट्रोलर आमच्या दारात उभे. खाकीऐवजी पांढरा शर्ट. म्हणाले, "भाऊ, आज सुट्टी टाका. माह्यासंगं चला."

"मी कशाला?"

"तुमी हिंदू आहा. आधी तुमी घरात जा. वातावरण पाहा. मंग मी येतो."

असा मी त्या समेटाचा सरकारी साक्षीदार झालो.

आयुष्यभर गाड्या सोडलेला माणूस गाडीत बसला की काय होतं ते त्या दिवशी कळलं. आरमोरीला गाडी जास्त थांबली म्हणून त्यांनी ड्रायव्हरला खिडकीतून झापलं. मागचं दार खडखडतं म्हणून दोनदा उठून गेले. गडचिरोलीला मी चहा घ्यायला उतरलो आणि बघतो तर हे शेजारच्या ब्रह्मपुरीच्या गाडीच्या पायरीवर उभे.

"ही आता सुटून राह्यली," ते म्हणाले. "आज त्याचा बाजाराचा दिवस असंल. घरी भेटणार नाई."

"आज बाजार नाही, साहेब."

"तुमाले काय माहीत?"

"तुम्हीच भोंग्यावर सांगता ना, बाजारच्या दिवशी जादा गाडी म्हणून."

ते उतरले. पुढचा सगळा रस्ता त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करताहेत. पण कानावर आलं ते असं, "दादा, त्या दिवशी परिस्थिती अशी होती की…" चामोर्शीहून पुढे जीप केली आणि शेवटी तलावाच्या पाळीवरून पायी निघालो. पाळीवर मातेचं ठाणं होतं, शेंदूर लावलेला एक दगड आणि दोन मातीचे घोडे. कंट्रोलर तिथे आल्यावर क्षणभर थांबले, मग नजर समोर ठेवून पुढे झाले. मला हसू आलं नाही.

अंगणात मोहाच्या झाडाखाली एक म्हातारा जाळं विणत बसला होता. कंट्रोलरांसारखाच चेहरा, फक्त उन्हात जास्त ठेवलेला. ठरल्याप्रमाणे मी आधी आत जाऊन वातावरण पाहायचं होतं. पण मागे वळून बघतो तर कंट्रोलर माझ्यापुढे गेलेले. ते जाळ्यापाशी जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. सुई जाळ्यात घालत राहिला.

मी वाट बघत होतो, परिस्थिती अशी होती की, हे आता येणार. कंट्रोलरांच्या तोंडून ते येईना. दोन्ही हात कुठे ठेवावेत हेही त्यांना कळत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "दादा, लेट झालो."

म्हाताऱ्यानं सुई थांबवली. "लई लेट झाला."

"हो."

"झाला त झाला," म्हातारा म्हणाला. "पाय धु."

एवढाच समेट. त्यात ना देवाचं नाव आलं, ना कुणी कुणाची क्षमा मागितली. मी कॉलेजच्या ऑफिसात भांडण मिटवायला झालेल्या किती तरी मीटिंगा पाहिल्यात, त्यांचा चहासुद्धा यापेक्षा जास्त वेळ चालतो.

भावजय चुलीपाशी मरळ शिजवत होती. ताटं घेताना म्हातारा आत जाऊन तिला हलक्या आवाजात म्हणाला, पण त्या घरातल्या भिंतीही आमच्यासारख्याच होत्या. "त्याचं आधी काढून ठेव. मातेले मंग दाखव. नाई त तो खाणार नाई."

कंट्रोलरांनी ते ऐकलं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांचा चेहरा आवळला, मग सैल झाला, आणि ते दारापाशी जाऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरी जसं होते तसं होऊ द्या. मी थांबतो."

"काई नको," म्हातारा म्हणाला. "ज्याचं काढलं आहे त्यानं खावं." त्यानं भावाचं ताट स्वतः आणून ठेवलं, मग चुलीपाशी जाऊन मातेच्या नावानं निवद दाखवला, आणि मग येऊन बसला. कंट्रोलर तोवर जेवले नव्हते. दोघांनी सोबतच पहिला घास घेतला. मधेच कंट्रोलरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "काटा लागला," ते म्हणाले. भाऊ म्हणाला, "मरळले एवढे काटे नसते." आणि त्यांच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला.

लग्नाला मोठेबाबा नवं धोतर नेसून आले. चर्चच्या दारात चपला काढल्या, सरळ पुढे गेले आणि पिशवीतून नारळ काढून वेदीपाशी ठेवला. पाळकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सगळं चर्च कंट्रोलरांच्या उजव्या हाताकडे बघत होतं. तो मांडीवरच होता. मोठेबाबा येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि सुवार्ता लग्नाला उभी राहिली. मुलीच्या तोंडावर तेव्हा जो आनंद होता तो मी माझ्या मुलींच्या लग्नातही शोधला.

त्यानंतर भिंतीवरून नवीन काही यायला लागलं. शपथ वाहण्याबद्दल, दुसरा गाल पुढे करण्याबद्दल, वैऱ्यावर प्रीती करण्याबद्दल. कंट्रोलर आता घाईत असायचे, आणि ते कधी घाईत असतील असं मला वाटलं नव्हतं. वैऱ्याच्या वचनाला मात्र पुन्हा अडले, कारण स्टँडवरच्या कँटीनवाल्याशी त्यांचं जमत नसे. पण तिथे ते आठवडाभरात पार झाले. कँटीनवाला मला म्हणाला, "कंट्रोलर येऊन माह्या भज्यायची तारीफ करून गेले. तब्येत बरी आहे ना त्यायची?"

तब्येत बरी नव्हती. छातीचं दुखणं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना एका थंडीच्या सकाळी स्टँडवरच ते खुर्चीतून कलंडले. मिशनच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दफनाला ख्रिस्ती लोक होते, स्टँडचे लोक होते, शेंगदाणेवाला होता, आम्ही मोहल्ल्यातले होतो. पेटी खाली उतरवायच्या आत तलावाच्या पाळीकडचा म्हातारा भाऊ पोचला. चामोर्शीची गाडी त्या दिवशी उशिरा आली होती. गर्दीनं वाट दिली तेव्हा दिसलं, त्यानं डोकं काढलं होतं. मिशा नव्हत्या. त्या सगळ्या दफनभूमीत तेवढंच एक मुंडण केलेलं डोकं होतं. पाळकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि प्रार्थना चालू ठेवली. पाळकांना त्याबद्दल मी सगळं माफ केलं.

माती देऊन झाल्यावर तो एकटा बाजूला उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मोठेबाबा, लहान्यासाठी मोठे डोकं काढत नाहीत ना तुमच्यात?"

"नाई काढत," तो म्हणाला. "गावात सगळे हेच म्हणत होते."

"मग?"

त्यानं टकलावरून हात फिरवला. कापलेल्या जागा नीट भरल्या नव्हत्या.

"मी त्या झाडाखाली बसून राह्यलो, बाबू. चालत तो आला. मंग आमच्या दोघायत मोठा कोन झाला?"